कडवी-कासारीच्या खोऱ्यातील मालकी : शाहूवाडीतील जमीन, पाणी आणि मासे

कोल्हापूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, सह्याद्रीच्या मुख्य रांगेला टेकून शाहूवाडी तालुका पसरला आहे. त्याच्या उत्तरेला वारणा वाहते, मध्यभागातून कडवी आणि तिला मलकापूरजवळ मिळणारी शाळी वाहते, तर दक्षिण भागात उगम पावलेली कासारी पुढे पन्हाळा तालुक्यातून पंचगंगेला जाऊन मिळते. पश्चिमेकडे आंबा आणि अणुस्कुरा या घाटांच्या माथ्यावर पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्यदर्शन होत नाही. पूर्वेकडे बांबवड्याच्या बाजूला मात्र तोच पाऊस बेताने पडतो. या फरकामुळे एकाच तालुक्यात दोन प्रकारची गावे नांदत आली : वरच्या अंगाला भात, नाचणी, वरी आणि म्हशी यांवर जगणाऱ्या वाड्या, आणि खालच्या अंगाला काळ्या जमिनीची, नदीकाठची मोठी गावे. दोन्हीकडे नदी-ओढ्यातील मासे हा कुटुंबाच्या अन्नाचा नियमित भाग होता, आणि भोई समाजाच्या काही घरांचा तर तो व्यवसायच होता. या गावांत मालमत्ता म्हणजे काय, ती कोणाची, आणि ती कोणत्या कागदावर चढली किंवा चढली नाही, याचा इतिहास पाहिला तर असे दिसते की सुमारे दोनशे वर्षांच्या काळात एकाच जमिनीवरचे अनेकांचे अनेक हक्क हळूहळू एका नावाच्या एका ओळीत बसवले गेले, आणि ज्या हक्कांना अशी ओळ मिळाली नाही ते सरकारजमा झाले.

राजकीय इतिहास येथे विशाळगडाभोवती फिरतो. खेळणा या जुन्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या किल्ल्याच्या जंगलात १४५३ मध्ये मलिक-उत-तुज्जार याच्या बहमनी फौजेचा नाश झाला. १६५९ मध्ये शिवाजी महाराजांनी किल्ला घेऊन त्याला विशाळगड हे नाव दिले. आणि १६६० च्या जुलैमध्ये बाजीप्रभू देशपांडे ज्या घोडखिंडीत लढले ती खिंड कासारीच्या उगमाजवळची आहे. या घटना सर्वपरिचित आहेत. गावांच्या दृष्टीने अधिक दूरगामी ठरलेली घटना मात्र १७३१ ची आहे. त्या वर्षी सातारचे छत्रपती शाहू आणि करवीरचे, म्हणजे कोल्हापूरचे, छत्रपती संभाजी यांच्यात झालेल्या तहाने वारणा नदी ही दोन राज्यांची सीमा ठरली. उत्तर काठ सातारकरांचा आणि दक्षिण काठ करवीरकरांचा झाला. सातारचे राज्य १८४८ मध्ये इंग्रजांनी खालसा केल्यावर उत्तर काठ मुंबई इलाख्यात गेला, आणि पुढे शंभर वर्षे एकाच डोहाच्या दोन बाजूंना दोन अंमल राहिले. डोहातले मासे अर्थातच दोन्हीकडे पोहत होते.

आजच्या तालुक्याचा पश्चिमेकडील मोठा भाग विशाळगड जहागिरीत होता. परशुराम त्रिंबक प्रतिनिधी यांच्या वंशातील करवीरचे पंत प्रतिनिधी हे तिचे जहागीरदार होते आणि मलकापूर हे पुढे तिचे मुख्य ठाणे झाले. उरलेली गावे थेट करवीर दरबारच्या अंमलाखाली होती. जहागीर म्हणजे जमिनीची मालकी नव्हे. राज्याने सेवेच्या मोबदल्यात एखाद्या मुलखाचा महसूल वसूल करण्याचा आणि तेथे कारभार करण्याचा दिलेला तो अधिकार होता. या अधिकाराखाली गावात दुसरे, त्याहून जुने आणि चिवट हक्क होते, आणि शेतकऱ्याचा रोजचा संबंध त्यांच्याशीच येत असे.

त्यांपैकी पहिला हक्क वतनाचा. पाटील, कुलकर्णी, महार, सुतार, लोहार, गुरव ही गावगाड्यातील पदे वंशपरंपरागत होती, आणि प्रत्येक पदाला कामाच्या बदल्यात इनाम जमीन किंवा पिकातला वाटा म्हणजे बलुते मिळत असे. पाटलाच्या अशा जमिनीला पासोडी आणि महारांच्या इनामाला हाडकी-हाडोळा म्हणत. वतनाची वाटणी भाऊबंदांत होई, आणि अशा प्रत्येक शाखेला तक्षीम म्हणत. त्यामुळे पाटीलकी एकाची नसून चार-सहा घरांची असे, आणि शिमग्याला मान कोणाचा, पोळ्याला बैल कोणाचा पुढे, यावरून होणारे तंटे हे खरे तर मालमत्तेचेच तंटे होते. दुसरा हक्क मिरासीचा. ज्याची जमीन वडिलोपार्जित, जो सारा भरेपर्यंत त्याला कोणी उठवू शकत नसे, आणि जो गाव सोडून गेला तरी परत येऊन हक्क सांगू शकत असे, तो मिरासदार किंवा थळकरी. बाहेरून येऊन वर्षा-दोन वर्षांच्या कराराने जमीन करणारा तो उपरी. ज्या थळकऱ्याचा वंश खुंटला त्याची जमीन गतकुळी म्हणून गावाच्या ताब्यात येई आणि पाटील ती उपऱ्याला लावून देई. उपऱ्याला गावच्या कारभारात मिरासदाराइतका मान नसे.

अठराव्या शतकाच्या आरंभी, १७१५ च्या सुमारास करवीर दरबारात सिद्ध झालेल्या आणि परंपरेने रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात वतनदारांविषयी जो सावधपणा दिसतो, त्याचे कारण हेच आहे. वतनदार राज्याला आवश्यक असले तरी त्यांना मोकळे सोडले तर ते आपापल्या जागी लहान राजेच होतात, हे त्या ग्रंथकर्त्याने ओळखले होते. त्याच ग्रंथात आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, आणि अगदीच जीर्ण झाड घ्यायचे तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, अशी ताकीद आहे. झाड हे जमिनीपासून वेगळे मालमत्तेचे स्वरूप धारण करू शकते, हे त्या काळच्या राज्यकर्त्याला ठाऊक होते. शाहूवाडीसारख्या मुलखात तर जमीन एकाची, बांधावरचा फणस दुसऱ्या भावाचा, अशी वाटणी मुळीच अपवादात्मक नव्हती.

भातशेतीचा क्रम पाहिल्याशिवाय येथील जमिनीचे मोल समजत नाही. उन्हाळ्यात टेकडीवरून फांद्या आणि पालापाचोळा आणून, त्यावर शेण पसरून, तो थर ठरावीक वाफ्यावर पेटवतात. त्याला राब म्हणतात, आणि भाजून निघालेल्या या वाफ्यात बी पेरून जी रोपे तयार करतात तो तरवा. मृगाचा पाऊस लागला की खाचरात पाणी अडवून चिखल करायचा आणि तरवा उपटून रोपलावण करायची. ही लावण आठ-दहा दिवसांत उरकावी लागते, आणि ती एका कुटुंबाच्या हाताने उरकत नाही, म्हणून घरोघरची माणसे आळीपाळीने एकमेकांच्या खाचरात राबतात. या अदलाबदलीला पैरा म्हणतात. डोक्यावर इरले, कमरेत वाकलेली बायकांची रांग आणि मागे चिखल तुडवणारे बैल असे ते काम असते. वीस गुंठ्यांच्या खाचराला म्हणून नुसते वीस गुंठे पुरत नाहीत. त्याच्यामागे राबासाठी टेकडी हवी, बैलांसाठी गायरान हवे, वरच्या खाचराचे जादा पाणी खालच्या खाचरात उतरू देणारा शेजारी हवा आणि पैऱ्याला येणारी चार घरे हवीत. यांतले एकही मालकीच्या कागदावर मावत नव्हते.

माशांचेही तसेच होते. पहिल्या जोरदार पावसात नद्यांना लाल पाणी आले की मासे अंडी घालण्यासाठी उलट्या प्रवाहाने ओढ्यांत आणि तेथून थेट भाताच्या खाचरांत चढतात. हे चढणीचे मासे. त्या एक-दोन रात्री गावात कोणी झोपत नाही. कंदील, बुट्टी, कोयता, जुने लुगडे, जे हाताशी येईल ते घेऊन माणसे ओढ्यात उतरतात. बांधाच्या तोंडाशी कामट्यांचा सापळा लावण्याचा पहिला मान ज्याचे खाचर त्याचा असे, पण ओढ्यातला मासा जो पकडेल त्याचा. मरळ, शेंगाळा, वाम आणि बोटाएवढ्या मुऱ्या त्या दिवशी कालवणात पडतात. उरलेले मासे चुलीवर टांगलेल्या टोपलीत धुरावर सुकवून भाजीपाला नसलेल्या दिवसांसाठी राखले जातात. पाऊस ओसरल्यावर बांधाच्या बिळांतले खेकडे निघतात. उन्हाळ्यात नदीचे पात्र तुटून डोह उरले की सारा गाव मिळून डोहावर जाई. गेळाची फळे किंवा रामेठ्याची साल ठेचून पाण्यात कालवली की मासे गुंगून वर येत. ही मासेमारी एकट्याने करायची गोष्ट नव्हती. दिवस गाव ठरवी, आणि वाटे घरटी पडत.

नदीकाठच्या गावांतील भोयांचा व्यवहार याहून वेगळा होता. पालखी-मेणे वाहणे आणि मासे धरणे ही त्यांची परंपरेने ठरलेली कामे. जमीन त्यांच्याकडे थोडी किंवा मुळीच नसे. हाताने विणलेली जाळी, जाळ्याच्या कडेला ओवलेले शिशाचे मणी आणि पुराच्या पाण्यात उतरायला वाळल्या भोपळ्यांची सांगड, हीच त्यांची मालमत्ता. मासे देऊन ते धान्य घेत. कोणता डोह कोणत्या घराने धरायचा हे वहिवाटीने ठरे, आणि ही वहिवाट गावाला मान्य असली तरी तिची सनद कोणी कधी करून दिली नव्हती. वतनाला सनद, मिरासीला पत्र, इनामाला शिक्का. डोहाला मात्र फक्त आठवण. पुढच्या काळात हाच फरक निर्णायक ठरला.

भातखाचरांचा आणि माशांचा असाच मेळ असलेल्या जावा बेटाकडे पाहिले तर शाहूवाडीची व्यवस्था जगावेगळी नव्हती हे लक्षात येते. जावामध्ये गावाला देसा म्हणत. तेथील गावप्रमुख आणि त्याचे सहकारी यांना पगाराऐवजी बेंगकोक नावाची जमीन मिळे, जी पद असेपर्यंत त्यांनी कसायची. आपल्याकडील पाटलाच्या पासोडीचीच ती बहीण म्हणावी. तेथेही गावात थर होते : सिंचित भातजमिनीत हिस्सा असणारी आणि म्हणून वेठीचा भार वाहणारी मूळ कुटुंबे, केवळ घर आणि परसू असणारी कुटुंबे, आणि दुसऱ्याच्या आवारात राहणारी निराश्रित माणसे. थळकरी आणि उपरी यांच्याशी त्यांचे नाते सहज जुळते. १८११ ते १८१६ या काळात जावाचा कारभार इंग्रजांकडे असताना स्टॅम्फर्ड रॅफल्स याने तेथे जमीनसारा बसवला, आणि त्यामागे हिंदुस्थानातील कंपनी सरकारचा अनुभव उभा होता. पुढे डचांनी १८३० पासून गावाच्या जमिनीचा सुमारे पाचवा हिस्सा ऊस, नीळ यांसारख्या निर्यातीच्या पिकांना लावण्याची सक्ती केली, आणि १८७० च्या जमीन कायद्याच्या अंमलबजावणीत ज्या जमिनीवर कोणाची मालकी सिद्ध होत नाही ती सरकारची, असे तत्त्व जाहीर केले. मालकी सिद्ध करण्याची जबाबदारी गावावर टाकली, की जे गावाला कधी लिहून ठेवण्याची गरज वाटली नाही ते आपोआप सरकारचे होते. मुंबई इलाख्यातही नेमके हेच घडले.

त्याआधी करवीर राज्यात मालमत्तेवरूनच एक मोठा भडका उडाला. किल्ल्यांवर वंशपरंपरेने राहणाऱ्या शिबंदीला, म्हणजे गडकऱ्यांना, चाकरीच्या बदल्यात गडाखालच्या जमिनी होत्या. इंग्रजांच्या सल्ल्याने कारभारी झालेल्या दाजी कृष्ण पंडित याने या जमिनींची व्यवस्था मामलेदारांकडे सोपवली, तेव्हा आपले वतन जाते या भीतीने १८४४ च्या जुलैमध्ये सामानगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. बंड पन्हाळ्यापर्यंत पसरले, आणि वर्षाअखेर इंग्रजी फौजेने ते मोडले. विशाळगडाची तटबंदीही त्याच वर्षी निकामी करण्यात आली. इतिहासग्रंथांत या बंडाची नोंद बहुधा राजकीय उठाव म्हणून होते, आणि ते चुकीचे नाही. पण बंडाची ठिणगी ज्या कारणाने पडली ते पाहता, चाकरीची जमीन ही पगार की मालमत्ता या प्रश्नावर झालेली ती लढाई होती. गडकऱ्यांच्या मते ती मालमत्ता होती. कारभाऱ्याच्या मते ती पगार होता, आणि पगार देणाऱ्याला तो बदलता येतो. लढाई कारभाऱ्याच्या बाजूने सुटली.

बंडानंतर करवीरचा कारभार इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली गेला. मेजर ग्रॅहम याने राज्याची तपशीलवार माहिती गोळा करून तयार केलेला अहवाल १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि कोणते गाव कोणाकडे, कोणते इनाम कोणत्या सनदेवर, याची छाननी सुरू झाली. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ पासून इंदापूरहून आरंभलेली रयतवारी मोजणीची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात करवीर राज्यातही आली. पूर्वीची मोजणी काठी, पांड, बिघा आणि चावर यांच्या हिशेबाने होत असे. नव्या पद्धतीत तेहतीस फुटी साखळीने जमीन मोजून तिला सर्व्हे नंबर दिला गेला, दगड रोवले गेले, आणि भात, जिराईत, बागायत, वरकस अशी प्रतवारी लावून प्रत्येक नंबरावर सारा आणि खातेदाराचे नाव चढले. वरकस म्हणजे डोंगरउतारावरची हलकी जमीन, जेथे नाचणी-वरी होते आणि राबाचा पाला मिळतो. भातखाचर आणि त्याला पोसणारी टेकडी ही एकच मालमत्ता होती. मोजणीने तिचे दोन तुकडे केले, आणि त्यांतला वरचा तुकडा बरेचदा जंगलाच्या किंवा सरकारच्या नावावर गेला.

मुंबईच्या १८७९ च्या जमीन महसूल संहितेच्या ३७ व्या कलमाने रस्ते, नद्या, नाले, तलाव, त्यांचे तळ आणि त्यांतले वाहते किंवा साठलेले पाणी यांपैकी जे कोणा व्यक्तीच्या मालकीचे नाही ते सर्व सरकारचे, असे ठरवले. वारणेच्या उत्तर काठावर हा कायदा सरळ लागू होता. करवीर दरबारनेही महसुलाच्या कामी मुंबईचीच पद्धत उचलली. जावाच्या कायद्यानंतर अवघ्या नऊ वर्षांनी आलेले हे कलम भाषेने साधे आणि परिणामाने जबरदस्त होते. भोयाचा डोह, गावाचा ओढा, उन्हाळ्यातली सामुदायिक मासेमारी हे सगळे एका वाक्यात सरकारच्या मालमत्तेवरील सवलत बनले. १८९७ च्या मत्स्य कायद्याने ब्रिटिश मुलखात पाण्यात विष कालवून किंवा सुरुंग लावून मासे मारणे गुन्हा ठरवला. सुरुंगाविषयी कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. गेळाचे फळ आणि सुरुंग एकाच कायद्यात बसवणाऱ्यांना मात्र डोह कोण राखत होते याची कल्पना नव्हती, असे म्हणावे लागते.

डोंगरमाथ्यावरही हेच घडले. झाडी तोडून, जाळून, राखेत नाचणी पेरायची, दोन-तीन वर्षांनी जागा सोडून पुढे सरकायचे आणि बऱ्याच वर्षांनी परतायचे, या फिरत्या शेतीला कुमरी म्हणतात. राखीव जंगलाची कल्पना आली तशी कुमरी आधी आवळली गेली, मग बंद पडत गेली. हिरडा, मध, शिकेकाई ही जंगलाची उत्पन्ने सरकारी किंवा जहागिरीच्या हिशेबात गेली. पठारांवर म्हशी घेऊन राहणाऱ्या आणि लोणी-तूप खाली गावात विकणाऱ्या गवळी धनगरांची स्थिती सर्वांत नाजूक होती, कारण त्यांची मालमत्ता चालती होती आणि चराईची वाट कोणाच्याच नावावर नव्हती. गावाच्या देवराया तेवढ्या तगल्या. येळवण जुगाई या गावाच्या नावातच देवी आहे. अशा देवीच्या नावाने राखलेल्या झाडीवर कुऱ्हाड घालायला सरकारी रखवालदारालाही गावातला माणूस मिळत नसे.

राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१८ मध्ये करवीर राज्यात कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले, आणि त्याच वर्षी महार वतन रद्द करून त्या जमिनी रयताव्याने, म्हणजे सारा भरणाऱ्या सामान्य खातेदाराच्या नात्याने, धारकांच्या नावे केल्या. बलुत्याची सक्तीही त्यांनी मोडली. मालमत्तेच्या इतिहासात या निर्णयाचे स्थान वेगळे आहे, कारण चाकरी आणि जमीन यांची गाठ त्याने सोडवली, आणि ती १८४४ प्रमाणे जमीन काढून घेऊन नव्हे, तर चाकरी काढून घेऊन. मुंबई इलाख्यातील हलक्या समजल्या गेलेल्या गावकामगारांच्या वतनांना हे भाग्य १९५८ च्या कायद्यापर्यंत लाभले नाही.

याच काळात वरच्या वाड्यांतील तरुण मुंबईच्या गिरण्यांकडे निघाले. दोन-तीन एकरांच्या डोंगराळ तुकड्यावर चार भावांचे पोट भरत नसे. एक गावी राही, बाकीचे मुंबईत खोली करून राहत आणि मनीऑर्डर पाठवत. या पैशांनी गवताच्या छपरांच्या जागी कौले आली, बैलजोड्या आल्या आणि गहाण जमिनी सुटल्या. कागदावर मात्र जमीन सामाईकच राहिली. मुंबईतल्या भावाचे नाव उताऱ्यावर, घाम गावच्या भावाचा, आणि बहिणींचा हिस्सा हक्कसोडपत्राच्या एका अंगठ्यात संपलेला. आजही तालुक्यातील अनेक खाती याच अवस्थेत आहेत.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि १९५३ च्या कायद्याने विलीन मुलखातील जहागिरी संपल्या. त्याहून मोठा बदल कूळकायद्याने केला. १९४८ च्या या कायद्यात १९५६ मध्ये सुधारणा होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, आणि त्या दिवशी जमीन कसत असलेले कूळ कायद्यानेच तिचे मालक मानले गेले. खंडाने किंवा निम्म्या वाट्याने राबणाऱ्या अनेक घरांना यामुळे प्रथमच सातबारा मिळाला. तोंडी कराराने जमीन करणारे, पीकपाहणीत ज्यांचे नावच लागले नव्हते असे कूळ मात्र बाहेर राहिले. शेवटी कायदाही कागदच वाचतो.

पाण्याच्या मालकीचा प्रश्न धरणांनी पुन्हा उघडा केला. नदीत बरगे टाकून ऑक्टोबरनंतरचे पाणी अडवणारे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आणि उपसा सिंचन योजना आल्या, तसा खालच्या गावांत ऊस पसरला. शेजारच्या पन्हाळा तालुक्यात वारणेचा साखर कारखाना उभा राहिला. कडवी आणि कासारी या दोन्ही नद्यांवर तालुक्यातच धरणे झाली. पाणी अडल्यामुळे नदी उन्हाळ्यातही वाहू लागली, पण चढणीच्या माशांची वाट भिंतींनी तोडली. जलाशयात मत्स्यबीज सोडून मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांना देण्याची पद्धत रूढ झाली. आता डोहातल्या मरळीऐवजी जाळ्यात कटला, रोहू आणि चिलापी येते, आणि ती धरण्यासाठी वहिवाट नव्हे तर सभासदत्व लागते.

वारणेवर चांदोली येथे बांधलेल्या आणि ३४ टीएमसीहून अधिक पाणी साठवणाऱ्या धरणाने शिराळा आणि शाहूवाडी तालुक्यांतील वस्त्या उठवल्या. भोवतीचे जंगल १९८५ मध्ये अभयारण्य, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि २०१० मध्ये कोयनेच्या जंगलासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाले. २०१२ मध्ये त्याचा जागतिक वारसा स्थळांत समावेश झाला. या पायऱ्यांवरून माणसांना खाली उतरावे लागले. शाहूवाडीच्या माथ्यावरील निवळ्यासारखी गावे अभयारण्यातून उठून धरणाच्या लाभक्षेत्रात गेली. पर्यायी जमीन मिळण्यासाठी डॉ. भारत पाटणकर यांच्या श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली या विस्थापितांना वर्षानुवर्षे ठिय्ये द्यावे लागले. भरपाईचा हिशेब खातेउताऱ्यावरून झाला. ज्याच्या नावे नंबर होता त्याला जमिनीच्या बदल्यात जमीन मागता आली. राबाची टेकडी, म्हशींची चराई, ओढ्यातले मासे आणि पैऱ्याची चार घरे यांचा मोबदला कोणत्याही तक्त्यात नव्हता.

२००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र एक गोष्ट प्रथमच लिहून ठेवली : जलाशयातील मासे आणि इतर उत्पन्न, चराई, आणि पशुपालकांचा हंगामी वावर हे जंगलात राहणाऱ्या समाजांचे सामूहिक हक्क आहेत. १८७९ च्या कलमाने जे एका वाक्यात काढून घेतले होते, त्यातील काही भाग जंगलापुरता तरी परत देण्याचा हा पहिला कायदेशीर प्रयत्न म्हणावा लागेल. अनुसूचित जमातींत न मोडणाऱ्या धनगरांसारख्या समाजांना मात्र त्यासाठी १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, आपण त्या वनात राहून त्यावर जगत होतो हे सिद्ध करावे लागते. हा हिशेब मागे नेला तर वर्ष येते १९३०, जेव्हा या डोंगरावर विशाळगडच्या जहागिरीचा आणि करवीर दरबारचा अंमल होता. संस्थानी दप्तरातील नोंदी, वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, जुने बांध, विहिरी आणि दफनभूमी हे पुरावे नियमांनुसार चालतात. त्यामुळे मोडी कागदांत आपला उल्लेख न सापडणाऱ्या धनगरवाड्यांनी आपल्या म्हाताऱ्यांचे जबाब वेळीच ग्रामसभेपुढे नोंदवून घेणे आणि पडक्या गोठ्यांची, बांधांची मोजणी करून ठेवणे अत्यंत आवश्यक आहे.